लेकीचा डावा डोळा

“बॅटरी लावा की आधी,” माझी लेक म्हणाली.

बॅटरी लावलेली होती. डॉक्टरीणबाईंनी ती तिच्या उजव्या डोळ्याला जवळजवळ टेकवली होती. डावा डोळा त्यांनी तळहातानं झाकला होता. पुण्याच्या दवाखान्यातली ती डोळे तपासायची खोली मुद्दाम काळोखी केलेली, त्यामुळे त्या एवढ्याशा उजेडात लेकीचं नाक, गाल, कपाळावरचं सकाळचं कुंकू, सगळं लख्ख दिसत होतं. मला दिसत होतं. दारात उभ्या असलेल्या माझ्या मुलाला दिसत होतं. तिला दिसत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी बंद केली, परत लावली.

“आता?”

“लावली का?”

कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा तिला समजलं. तिनं हात पुढं केला, चाचपत बॅटरीची काच शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं. बोट आतून लाल झालं. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत होतो, तीही डोळा उघडा ठेवून तिकडेच बघत होती. रडली नाही. एवढंच विचारलं, “दुसरा पण जाणार का?”

“तेच बघायचं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी दिवा लावला, आता उजवा डोळा झाकला आणि औषधाच्या बाटलीचं एक लाल टोपण तिच्यासमोर धरलं. “रंग कोणता?”

“लाल.”

“पूर्ण लाल?”

लेकीनं मान पुढं काढून बघितलं. “रंग धरलाय. पण पिकला न्हाई अजून. एक-दोन दिस लागतील.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “टोमॅटोचं बोलतीय ती.” ते टोपण चांगलं लालभडक होतं. कुणीही तोडून थेट भाजीत घालावं असं.

मग त्यांनी डोळ्यात थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, आतला पडदा पाहिला आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी डोळ्यामागच्या नशीत शिरल्या आहेत. डोळा जे बघतो ते मेंदूकडं नेणारी नस. उजवीकडची नस पार सुजली आहे, तिथं फारशी आशा नाही. डावीकडची नुकती धरली आहे. विहिरीवरची मोटार चांगली असावी आणि केबल जळावी, तसं मला वाटलं. मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, “तसंच. फक्त ही केबल बदलता येत नाही. जळायच्या आत वाचवायची.”

आणि म्हणाल्या, “इतके दिवस कुठं होतात?”

कुठं होतो ते आता सांगते.

आमच्याकडं एक रीत आहे. सून धडधाकट असेल तोवर ती सासरची, खाटेला लागली की माहेरची. बाळंतपण माहेरी, टायफॉइड माहेरी. माझ्या लेकीचा कॅन्सरही माहेरीच आला. तिला घोडेगावच्या पलीकडं, नदीकाठच्या एका गावात दिली होती. जुनं घराणं, काळी जमीन, पोराला व्यसन नाही. आम्ही येडगावची माणसं. धरणात आमची निम्मी जमीन गेलेली, त्यामुळे दुसऱ्याच्या जमिनीकडं बघून मुली द्यायची आम्हाला सवय. लग्नानंतर काही वर्षांनी तिच्या नडगीवर मार न लागता काळेनिळे डाग यायला लागले. दात घासताना हिरड्यांतून रक्त. मग ताप. पुण्यात नेलं तेव्हा रक्ताचा कॅन्सर निघाला. जावई दवाखान्यात दाखल करून गेले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कपड्यांची पिशवी आमच्या घरी आली. निरोप काही नव्हता. पिशवी हाच निरोप.

ते सगळं मी केलं. उलट्यांचं भांडं धरलं, केस गेले तेव्हा उरलेले कात्रीनं कापले. पाठीच्या मणक्यातून औषध द्यायचे तेव्हा तिला गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करून झोपवावं लागायचं, तेव्हा तिची मान मी धरायची. त्यातून ती उठली. रक्त स्वच्छ झालं. पुढं दोन वर्षं गोळ्या, दर महिन्याला तपासणी आणि अधूनमधून ते पाठीतलं इंजेक्शन, एवढं चुकवायचं नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं. केस वाढले, कानामागं अडकवता येतील इतके झाले, तशी सासरहून जीप आली. टोमॅटोचा तोडा सुरू व्हायला थोडेच दिवस होते.  जीप कशाला आली ते मला कळलं होतं.

जीपमधून विहीणबाई उतरल्या. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “ईहीनबाई, गावात आमी कावीळ सांगितलीय. तुमी बी तेच सांगायचं.”

“कावीळ झाल्यावर केस कुणाचे जातात?”

“पुण्याचं औषध कडक व्हतं म्हणायचं.”

“आन का म्हणायचं?”

“आमच्या पोरीचं बघायचं चाललंय. घरात कॅन्सर हाय म्हटल्यावर कोण दारात उभं ऱ्हाईल? रक्ताचा म्हणजे रक्तातनं आलेला, असंच धरत्यात लोक.”

“हिचं रक्त न् तुमच्या पोरीचं रक्त एक कुठं हाय? ही सून हाय तुमची.”

“लोक एवढा हिशोब करत न्हाईत, बाई.”

मी पुढं बोलणार होते. लेक मधेच म्हणाली, “आई, गप.” तिला जायचं होतं. संसार तिचा होता. गेली.

पुढचं मला तिनं नंतर सांगितलं, आणि ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी मी जेवले नाही. दर महिन्याला पुण्याला जायचं तर गावात काय सांगायचं, हा त्या घरापुढं प्रश्न होता. विहीणबाईंनी तोड काढली. सुनेनं ओझरच्या गणपतीची संकष्टी धरली आहे, असं जाहीर केलं. कावीळ उतरावी म्हणून बोललेला नवस. आता नवरा-बायको महिन्यातून एकदा सकाळी निघतात आणि संध्याकाळी येतात, त्यात कुणाला नवल वाटणार नाही. येताना मंचरला पेढे घ्यायचे आणि ओझरचे म्हणून आळीत वाटायचे. लोक कपाळाला लावून खायचे.

पण दवाखान्याची तारीख आणि चतुर्थी एका दिवशी थोडीच येते? डॉक्टर म्हणायचे सोमवारी या, पंचांग म्हणायचं शुक्रवारी. मग हे शुक्रवारी जायचे. शुक्रवारी त्यांचे डॉक्टर नसायचे, दुसरंच कुणी असायचं, रक्त घ्यायचं, गोळ्या लिहून द्यायचं. पाठीतलं इंजेक्शन ठरलेल्या वारीच व्हायचं आणि त्यानंतर बराच वेळ पडून राहावं लागायचं, डोकं धरायचं. देवाला गेलेली बाई संध्याकाळी डोकं धरून, वाकून घरी येते, हे कसं दिसेल? ते इंजेक्शन एकदा राहिलं. मग परत राहिलं. पुढं तोडा जोरात आला आणि ती चतुर्थीच राहिली. गणपती रागावला नाही, कारण त्याच्याकडं कुणी जातच नव्हतं.

टोमॅटो लांबच्या बाजाराला पाठवायचा तर तो लाल झालेला चालत नाही. वाटेतच क्रेटमध्ये पाणी होतं. नुकता रंग धरलेला, बुडाशी गुलाबी झाक आलेला तोडायचा. बायका सरीतून चालता चालता न बघितल्यासारखं बघतात आणि हात बरोबर त्याच फळावर जातो. माझी लेक या कामात तरबेज होती, लहानपणापासूनची. आणि तिच्याच क्रेटमध्ये पिकलेली फळं निघायला लागली. नारायणगावच्या बाजारातून एकदा सगळा माल नावं ठेवून परत पाठवला. व्यापारी जावयांना म्हणाला, “पाटील, हे चटणीला पाठवलंत का काय?”

घरी आल्यावर तिला बोलणी बसली. सासू म्हणाली, “ध्यान कुठं असतं? आजारपणात माहेरी बसून खायाची सवय लागली.” ही म्हणाली, “मला ते कच्चंच दिसत व्हतं.” तिच्या बोलण्याचा अर्थ कुणी लावला नाही. तिलाही लावता आला नाही. डोळे दोन असले की एक हळूहळू मिटत चालला तरी माणसाला पत्ता लागत नाही, हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो. घरातल्या बाईसारखं.

मग एक दिवस उजव्या डोळ्यापुढं धूर आल्यासारखं झालं. त्याच सकाळी शेजारच्या सरीत फवारणी चालली होती. सगळ्यांनी ठरवून टाकलं, औषध डोळ्यात उडालं. आमच्या भागात हे नेहमीचंच आहे. पाण्यानं धुतात, गाईच्या दुधाचे थेंब टाकतात, दोन दिवसांत उतरतं. हिच्याही डोळ्यात दूध टाकलं. उतरलं नाही, तेव्हा जावई तिला बाजारगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले.

त्या डॉक्टरनं नीट विचारलं होतं. लेक शपथेवर सांगते. “दुसरा काही आजार? काही गोळ्या चालू आहेत? मोठं दुखणं काही झालं होतं?”

बाकावर शेजारी एक बाई बसली होती. ज्या गावात नणंदेचं जमत आलं होतं, त्या गावची. जावयांनी तिच्याकडं बघितलं आणि डॉक्टरला म्हणाले, “न्हाई वो, काय न्हाई. फवारणीचं औषध उडालंय.”

डॉक्टर म्हणाला, “वरून डोळा स्वच्छ दिसतोय. थेंब टाकून आतून बघावं लागेल. तासभर थांबा.”

“गाडी भरून हुबी हाय, साहेब. आत्ता थेंब लिहून द्या. परत येतो.”

परत गेले नाहीत. माझी लेकही तिथं गप्प बसली. मी तिला विचारलं, तुझं तोंड कुणी शिवलं होतं? म्हणाली, “लग्न मोडलं असतं तर जलमभर मला ऐकवलं असतं.”  तिचं खरंच होतं.

नणंदेच्या साखरपुड्याला मी गेले तेव्हा यातलं मला काही माहीत नव्हतं. दारात मांडव होता, मुलाकडची तीन-चार गाड्या भरून माणसं आली होती. थोरली वहिनी म्हणून आलेल्या बायकांना हळदी-कुंकू लावायचं काम माझ्या लेकीकडं. मी समोरच सतरंजीवर बसले होते. तिनं पहिल्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं ते भुवईवर. दुसरीच्या नाकावर. बायका हसल्या. “सूनबाईला झोप लागलीय जनू,” एक म्हणाली. दुसरी म्हणाली, “न्हाई गं, नणंद चालली म्हनून हात थरथरतोय.” तिसरी बाई पुढं वाकली, आणि लेकीचं बोट थेट तिच्या डोळ्यात गेलं. ती बाई ओरडली.

मी उठले. लेकीचा दंड धरला आणि तिला आत चुलीपाशी नेलं. माझ्या पदरानं तिचा डावा डोळा झाकला.

“मी कुठं हाय?”

“आई, काय करतीस? लोक बसल्यात.”

“मी कुठं हाय, बोल. माझं तोंड दिसतंय का?”

तिनं हात पुढं करून माझा खांदा चाचपला. मी उजवा डोळा झाकला. “आता?”

“आता दिसतंय.” मग हळूच, “पण तुझी साडी हिरवी हाय का करडी?”

मी त्या दिवशी लाल काठाची हिरवीगार साडी नेसले होते. हा आजार डोक्यात, डोळ्यात उतरू शकतो, त्यासाठीच ती पाठीतली इंजेक्शनं, हे मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं.

मी जावयांना आत बोलावलं. म्हटलं, “जावईबापू, आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायची हिला.” ते म्हणाले, “मामी, आज? सुपारी फुटायचीय अजून. उद्या सकाळी नेतो.” विहीणबाई मागून आल्या. “ईहीनबाई, गोड तोंडानं जेवा आन मग बोला. एका दिवसानं काय हुतंय?”

माझा मुलगा बरोबर जीप घेऊन आला होता. त्याला म्हटलं, गाडी काढ. तो बाहेर जाऊन परत आला. आमच्या जीपच्या मागं मुलाकडच्यांच्या दोन गाड्या आडव्या लागल्या होत्या, आणि त्यांचे चालक पहिल्या पंगतीला बसले होते. तो त्यांना सांगायला गेला, तर नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला, “राव, ताटावरनं उठवता का पावण्यांना? एवढी काय आग लागलीय?”

मग मी मांडवात गेले. आवाज मला मुळातच मोठा आहे. म्हटलं, “माझ्या लेकीला रक्ताचा कॅन्सर हाय. डोळ्यात उतरलाय. एक डोळा गेलाय, दुसरा चाललाय. गाड्या काढा.”

एवढंच बोलले. वाढणाऱ्यांचे हात थांबले. ज्या बाईच्या डोळ्यात बोट गेलं होतं तिनं पदराचं टोक तोंडात भिजवून डोळा खसाखसा पुसायला घेतला, जसा काही कॅन्सर बोटाला लागून आला होता. पण गाड्या निघाल्या. कधी नव्हे इतक्या पटकन निघाल्या. आमच्या आधी मामाचीच गाडी गेली, आणि ती नुसती बाजूला झाली नाही, घरीच गेली.

संध्याकाळी पुण्यात ती बॅटरी.

दुसऱ्या दिवशी पाठीतलं पाणी काढलं. त्यात पेशी सापडल्या. मोठे डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. मी विचारलं, ती इंजेक्शनं राहिली म्हणून हे झालं का? ते म्हणाले, “तसं खात्रीनं सांगता येणार नाही. वेळेवर घेऊनही काहींना होतं. पण तुम्ही आला असतात तर आम्हाला लवकर कळलं असतं. या नशीच्या बाबतीत आठ दिवससुद्धा फार असतात.”

लगेच किरणांचा शेक सुरू केला. बायका त्याला लाईट देणं म्हणतात. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तिच्या तोंडावर दाबून मुखवटा केला, आणि तो रोज चेहऱ्यावर घालून टेबलाला चारी बाजूंनी अडकवायचे, म्हणजे डोकं तसूभर हलायला नको. पहिल्या दिवशी ती आत ओरडली. बाहेर आम्हाला ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून ओरडली नाही. शिवाय सूज उतरायची औषधं, पाठीतून इंजेक्शनं, नव्यानं किमो. सगळं त्या एका डोळ्यासाठी आणि तिच्या जिवासाठी. पण तिनं एकदाही जिवाचं विचारलं नाही. रोज एकच, “डावा कसा हाय?”

तिसऱ्या दिवशी जावई आले. खालच्या दारापाशी भेटले. म्हणाले, “मामी, तुमी असं चारचौघांत बोलायला नको व्हतं.”

“तुमी बाकावर बसून बोलायला पायजे व्हतं. तेव्हा तुमचा आवाज कुठं गेल्ता?”

“बहिणीचं लग्न व्हतं.”

“आन ही कोण?”

ते जिन्याकडं वळले. वाईट माणूस नाही. वाईट असता तर मला बरं झालं असतं, शिव्या देऊन मोकळी झाले असते. तो नुसता आईच्या मागं उभा राहणारा माणूस. असली माणसं वाईट माणसाइतकंच नुकसान करतात, आणि वर त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही.

विहीणबाई बऱ्याच दिवसांनी आल्या. औषधांनी लेकीचं तोंड सुजून गोल झालं होतं. खाटेपाशी उभ्या राहून म्हणाल्या, “तोंड तर चांगलं भरलंय की. बरी दिसतीय.”

लेकीनं डोकं डावीकडं वळवलं, म्हणजे तिला त्या दिसायच्या बंद झाल्या. तेवढा त्या गेलेल्या डोळ्याचा उपयोग.

बाहेर पाणी प्यायला गेलो तिथं त्या मला म्हणाल्या, “माझ्या पोरीचं जमलेलं मोडलंत तुमी.”

मी म्हटलं, “तुमच्या पोरीला दुसरं ठिकाण मिळंल. माझ्या पोरीला दुसरा डोळा कुठनं आणू, ते सांगा.”

“मी काय मुद्दाम केलं का?”

“मुद्दामच केलं. वाईट व्हावं म्हणून न्हाई केलं, पण केलं मुद्दामच. पेढे सुदिक मुद्दाम आणले.”

त्यांना रडू आलं. मला आलं नाही. त्यांच्यासाठी यायचं काही कारण नव्हतं. त्या घरातून एकटीनं फोन केला, तो त्या नणंदेनं. मला म्हणाली, “वहिनीला सांगा, मला ते ठिकाण नकोच व्हतं.” खरं की खोटं ती जाणे. पुढं तिचं लग्न झालं, चांगलं झालं. ते लोक सगळं माहीत असून आले. म्हणजे तसली माणसंही होती आपल्याच तालुक्यात. कुणी शोधली नव्हती एवढंच.

डॉक्टरीणबाई दर दोन-चार दिवसांनी ते लाल टोपण धरायच्या. आधी काही फरक नाही. मग एकदा लेक म्हणाली, “आज बरा हाय. बाजारात चालंल.” त्या आता टोमॅटोची भाषा शिकल्या होत्या. हसल्या. शेक संपायच्या सुमाराला तिला ते टोपण लाल दिसलं. भिंतीवरच्या पाटीची बारकी ओळ सोडून बाकी सगळ्या ओळी वाचल्या. उजव्या डोळ्याला मधे काही दिवस उजेडाची चाहूल लागल्यासारखी वाटली, तिनं तसं सांगितलं, आम्ही धावत गेलो. तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नाही. त्याची वाट बघू नका.” स्पष्ट बोलल्या ते बरं केलं. दवाखान्यात आशा लावून ठेवणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांची आशा दुसऱ्यालाच सांभाळावी लागते.

आजार परत उलटू नये म्हणून हाडातला रस, बोन मॅरो, दुसऱ्याचा चढवायचा होता, तो तिच्या भावाचा जुळला. तो तिला चढवला. तो जुळेल याची मला खात्री नव्हती, आणि जुळल्यावर त्याची बायको काय म्हणेल याचीही नव्हती. ती म्हणाली, “द्या की. हाडातनंच द्यायचाय, जमिनीतनं न्हाई.” तिचं बोलणं असंच आहे. माझ्यावर गेलीय, सून असून.

त्यातून वाचल्यावर वेगळंच सुरू झालं. डोळ्यातलं पाणी आटलं. डोळा वाळून खडखडीत व्हायचा, पापणी उघडताना टोचायचा. भावाचं रक्त तिच्या अंगाला परकं मानत होतं, असं कायसं त्याचं कारण. दिवसभर थेंब टाकायचे, रात्री मलम. लोकांना वाटायचं, ही रडून येते. ती म्हणायची, “रडू आलं असतं तर थेंब कशाला लागलं असतं?”

दोनेक वर्षांनी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. शेकानं आणि त्या औषधांनी तो होणारच होता, तसं आधी सांगितलेलं होतं. पण ज्याला एकच डोळा आहे त्याच्या त्या डोळ्याला हत्यार लावायचं म्हणजे काय असतं, ते आत जाणाऱ्याला आणि बाहेर बसणाऱ्याला माहीत. माझे दोन्ही मोतीबिंदू आमच्या तालुक्यातल्या शिबिरात निघाले होते, तेव्हा मी सकाळी चहा पिऊन गेले होते आणि परत येऊन भाकरी केली होती. तिच्या वेळी मला बाकावर बसवेना. ते नीट झालं. चष्मा लागला.

ती माझ्याकडं येडगावला राहते. शेळ्या बघते, भावाच्या पोरांचा अभ्यास घेते. पायऱ्या उतरताना उजव्या बाजूला भिंत ठेवते. जावई दिवाळीत येतात, पिशवीत काहीतरी घेऊन. ओट्यावर बसतात, चहा पितात. न्यायची गोष्ट ते काढत नाहीत आणि तीही काढत नाही. आळीतल्या बायका मला म्हणतात, तुमी मांडवात बोलला नसता तर पोरगी नांदत असती. असेल. आंधळी नांदत असती, नाहीतर नुसता तिचा फोटो तिथं भिंतीवर नांदत असता.  त्यांच्या घरातही काविळी झालेल्या आहेत, मला ठाऊक आहे कुणाकुणाला.

विहीणबाई गेल्या, साध्या तापानं म्हणे. घरच्यांनी डेंगू झाला होता ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सवय. मी मातीला गेले होते, लेकही आली होती.

लेक जगली आहे. तिला डाव्या डोळ्यानं दिसतं.